भाऊजींचा कोरा चष्मा

आमच्या धरमपेठच्या घरी गॅरेज होतं, मोटार नव्हती. सासऱ्यांनी मोटार येईल म्हणून बांधलं, ती काही आली नाही. मग बाहात्तर साली माझे धाकटे दीर गिरिधरभाऊजी यांनी तिथं कारखाना काढला. कारखाना म्हणजे एक टेबल, पाने-हातोड्या अन् धार लावाचं विजेवरचं चाक.

भाऊजी कचेरीत कारकून. सुरक्षेची भारी हौस. भिंतीवर लाल अक्षरात 'सावधान' लिहिलं. आगीसाठी रेतीची बादली ठेवली, तिच्यात मांजर आपलं काम उरकून जाये. खंडेनवमीले चाकाले हार, बटनाले हळदकुंकू. अन् सीताबर्डीवरून डोळ्यांसाठी चष्मा आणला, तो पिशवीसकट खिळ्याले टांगला. आमच्या घरी नव्या वस्तूले असंच जपत. रेडिओलेसुद्धा झालरीची खोळ होती.

त्यांची बायको शामला म्हणे, "अहो, घाला ना तो!"

"ठिणग्या उडतात वं. काचेवर ओरखडे पडतील."

"अन् डोळ्यावर?"

"डोळा मी मिटतो ना!"

"काही झालं तर गॅरेजले कुलूप लावीन. सांगून ठेवते."

शेजारच्या सुभद्राबाईंनी विळी धाडली धार लावाले. धार लागली, अन् लोखंडाचा कण भाऊजींच्या डोळ्यात गेला. डॉक्टरनं तो काढला, पट्टी बांधली, विचारलं, "घरी चष्मा नव्हता का?"

"आहे ना! एकदम कोरा!" भाऊजी छाती काढून बोलले.

मी सोबत गेले होते. दोघं घरी आलो तर शामला गॅरेजच्या दारात, हातात कुलूप.

भाऊजींचा आवाज उतरला. "नको वं असं करू. कचेरीत दिवसभर मी दुसऱ्यांचे कागद इकडून तिकडे करतो. माझ्या हातानं काही बनते ते इथंच."

ती आत गेली, चष्मा काढला, पिशवी टरकावली अन् खिळ्यानं काचेच्या कडेले एक लांब रेघ ओढली.

कण काढताना हूं की चूं न केलेला माणूस ओरडला, "अवं, नवा होता नं तो!"

"झाला जुना. पट्टी निघाली की घाला."

पट्टी निघाल्यापासून भाऊजी चष्मा घालूनच चाकापुढे बसू लागले. कुलूप शामलानं पेटीत ठेवून दिलं.

ती फाटकी पिशवी मात्र भाऊजींनी उलगडून रेतीच्या बादलीवर सुतळीनं करकचून बांधली. मी विचारलं, "हे काहून? अन् आग लागली तर?"

"मांजर रेती खराब करते, वहिनी."