आधी पेन खाली ठेव

साल चौऱ्याऐंशी. मुलुंडला गिअरबॉक्स बनवणाऱ्या एका कारखान्यात मी ट्रेसर होते, आणि त्या सकाळी माझ्याच प्रार्थनेने माझी वाट लावली... हसू नका, खरं सांगतेय.

ट्रेसर म्हणजे काय ते नव्या पिढीला सांगायला हवं. साहेब पेन्सिलीने ड्रॉइंग काढायचे, त्यावर ट्रेसिंग पेपर अंथरून आम्ही ते शाईने उतरवायचो. कॉम्प्युटर वगैरे आमच्याकडे काही नव्हतं, सगळा कारभार नजरेवर आणि मनगटावर.

मी टेम्पररी होते. पप्पांची गिरणी संपानंतर उघडलीच नाही, धाकटे दोघे शाळेत... मला कायम होणं भागच होतं. आमचे चीफ ड्राफ्ट्समन सामंत साहेब म्हणाले होते, मोठ्या गिअरबॉक्सची अख्खी असेंब्ली एकटीने ट्रेस करून दाखव, मग तुझं नाव वर पाठवतो.

तीन आठवडे घालून शीट पूर्ण केली, तर पार्टीने, म्हणजे गिऱ्हाइकाने, डिझाइनच बदललं. शीट रद्द आणि माझं कायम होणंही तीन महिने पुढे. दुसरी शीट प्रिंट काढताना मशीनच्या रोलरमध्ये अडकून उभी फाटली. त्या दिवशी मी पप्पांना म्हटलं, प्रभूच्या मनातच नसेल तर मी कशाला डोकं फोडू?

पप्पा दर रविवारी चर्चमध्ये पहिल्या बाकावर, पण घरी उपदेश म्हणून करायचे नाहीत. ते एवढंच म्हणाले, "तो नाही म्हणालाय का? मग उद्या डबा घे आणि जा."

मी गेले. तिसऱ्यांदा शीट लावली. या वेळी ठरवूनच टाकलं होतं, हात मोडला तरी ही पुरी करायची.

तो दिवस उजाडला. दुपारी चारला पार्टी ड्रॉइंग बघायला येणार होती आणि दहाच्या सुमाराला मी शेवटची रेघ ओढली. आमच्या घरात काम संपलं की आधी आभार मानायचे, ही लहानपणापासूनची सवय... मी बोर्डासमोरच डोळे मिटले. भरलेलं पेन हातातच होतं.

डोळे उघडले तर मोठ्या गिअरच्या दातांवर शाईचा हा एवढा थेंब. चांगले चार दात बुडाले होते.

शेजारच्या बोर्डावरच्या शैलाचा धक्का लागला म्हटलं असतं तर खपून गेलं असतं, आणि क्षणभर तसा मोह झालाही. पण आत्ताच ज्याचे आभार मानले त्याच्यासमोर लगेच खोटं कसं बोलणार? उठले आणि सामंत साहेबांना जे झालं ते सांगून टाकलं.

साहेब मालवणचे, रागीट म्हणून प्रसिद्ध. ते आले, थेंब बघितला, मग माझ्याकडे बघितलं.

"मी पण रोज सकाळी बोर्डाक नमस्कार करतंय गो," ते म्हणाले. "पण पेन हातात घेऊन नाय. आधी पेन खाली ठेव, मग काय ती प्रार्थना कर."

एवढं बोलून त्यांनी अर्धं ब्लेड माझ्यापुढे ठेवलं. मी शाई पूर्ण वाळू दिली, मग श्वास रोखून ती हलकेच खरवडत बसले. कागदाला भोक पडलं की तिसरी शीटही गेली... डबा उघडलाच नाही. खरवडलेली जागा नखाच्या पाठीने घासून गुळगुळीत केली आणि चारही दात नव्याने ओढले. पावणेचारला शीट तयार होती आणि पार्टीने ती पास केली.

तरी लगेच काही झालं नाही हं. वरून कायमचं पत्र यायला आणखी दोन महिने गेले. पण ते दोन महिने मी डबा घेऊन रोज गेले आणि एकदाही पप्पांकडे कुरकुर केली नाही.

पत्र आलं तेव्हा मी बोर्डावरच होते. वाचलं, डोळे भरून आले आणि आभार मानायला मान खाली घातली... तोच पलीकडच्या बोर्डावरून सामंत साहेबांचा आवाज आला.

"पेन?"

मी पेन स्टँडवर ठेवलं. मग डोळे मिटले, आणि त्या दिवशी प्रभूचे आभार मानायच्या आधी साहेबांसाठी प्रार्थना केली.