वळणावर झुकताना

माझ्या पतीची तेरवी झाली आणि दुसऱ्याच दिवशी धाकट्या दिरांनी यांच्या स्कूटरचा विषय काढला.

"वहिनी, उभी राहून गाडी खराब होईन. संत्र्याची तोड झाली का मी येतो अन् काटोलले घेऊन जातो. तुमाले कुठं चालवता येते?"

"या," मी म्हणाले. "तोवर मी शिकते."

मी रामदासपेठेतल्या एका कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवते. लग्नापासून रोज यांच्या मागे बसूनच कॉलेजला गेले. ऑटोनंही जाता आलं असतं. पण ती गाडी अंगणातून दुसऱ्या कोणी नेलेली मला बघायची नव्हती.

शिकवायचं काम नणंदेनं घेतलं. नंदनवनातल्या मैदानावर आम्ही सकाळी जायचो. यांचं हेल्मेट मला सैल व्हायचं. हळू चालवलं तर पडणार नाही, असा माझा हिशेब. गाडी लटपटायची आणि आडवी व्हायची.

"रेस दे वं, वहिनी! गाडी चालवून राहिली का पालखी नेऊन राहिली?"

रेस दिली, तशी सरळ रस्त्यावर गाडी स्थिर झाली. वळण मात्र जमेना. कोपरा आला की मी भीतीनं ताठ व्हायची, ब्रेक दाबायची आणि थेट कट्ट्यावर जायची. गुडघा सोलला. नणंद म्हणाली, "राहू दे ना आता." मी म्हणाले, उद्या परत यायचं.

त्या दिवशी अकरावीच्या वर्गात वेगाचाच पाठ होता. फळ्यावर वर्तुळ काढलं, त्याला स्पर्श करणारा बाण काढला. चाल तीच राहिली तरी दिशा बदलली की वेग बदलतो, आणि वेग बदलायला बल लागतं. ते नसेल तर वस्तू बाणाच्या दिशेनं सरळ निघून जाते. दर वर्षी सांगते तेच. सांगता सांगता यांची जुनी कुरकुर आठवली : "तू झुकत नाहीस, मग मले दोघांचं वळण घ्या लागते." मागे ताठ बसून आपण तोल सांभाळतो, असं मला वाटत असे.

दुसऱ्या दिवशी कोपऱ्याआधीच ब्रेक लावला, नजर पुढच्या रस्त्यावर ठेवली आणि गाडीबरोबर अंग आत सोडलं. वळण झालं. मी थांबले नाही. तोच कोपरा पुन्हा पुन्हा घेतला. कट्ट्यावर बसलेली नणंद ओरडली, "आता चक्कर येईन मले!"

तोड संपली आणि दीर आले. त्यांना घ्यायला मी बसस्टॉपवर गाडी घेऊन गेले. त्यांनी आधी माझ्याकडे पाहिलं, मग गाडीकडे.

"बसा, भाऊजी."

मागचा दांडा दोन्ही हातांनी धरून ते बसले. पहिल्याच वळणावर गाडी जड झाली. आरशात पाहिलं, तर ते खांबासारखे ताठ.

"वळणावर झुका. नाहीतर मला दोघांचं वळण घ्यावं लागतं."

त्यांनी दांड्यावरची पकड सैल केली. मग हळूच म्हणाले, "दादाही मले असंच म्हणे."

पुढच्या वळणावर गाडी सहज आत झुकली. घरी पोचल्यावर मी किल्ली खुंटीला लावली. त्यांनी ती मागितली नाही.