बॅटरी अंगणात, दिवे मात्र लागलेले

अंगारे-धुपारे करणाऱ्यांना मी आयुष्यभर दारातून पिटाळलंय. त्यामुळे हे मी लिहितेय याचं माझ्या सुनांना हसूच येईल... येऊ दे!

गोष्ट लढाईच्या दिवसांतली, तासगावजवळच्या आमच्या गावची. माझा धाकटा भाऊ शंकर पलटणीत होता. विलायतेला परतणाऱ्या एका गोऱ्या साहेबाकडून त्यानं दोन सीटची, बिनटपाची स्पोर्ट्स कार घेतली. आबांना, म्हणजे आमच्या वडिलांना, हे थेर वाटलं. "ह्या डबड्यात माझा पाय पडणार न्हाई," म्हणाले. शंकर ब्रह्मदेशाच्या आघाडीवर निघाला तेव्हा "आबा, स्टेशनापतूर तरी बसा की," म्हणून किती विनवलं त्यानं. आबा उठलेसुद्धा नाहीत. पोरगं तसंच गेलं, गाडी घराशेजारच्या छपरात सोडून.

मग पत्रं बंद झाली. एक दिवस आबांनीच सांगलीहून मिस्त्री बोलावला. "पोरगं येईल तवा गाडी चालू पायजे."

सीटमागं सहा-सहा व्होल्टच्या दोन बॅटऱ्या जोडलेल्या होत्या. दोन्ही मेलेल्या. मिस्त्री म्हणाला, "आवं आबा, लढाईमुळं असली जोडी मिळंना झालीया. लॉरीची बारा व्होल्टची एकच बसवू." त्यानं दोन्ही काढून अंगणात ठेवल्या. नवीन बॅटरी मोठी, ती जुन्या बॅटऱ्यांच्या खोक्यात मावेना, म्हणून तिच्याखाली घालायला फळी कापून ठेवली आणि भर दुपारी भाकरी खायला बसला. मी ताक वाढत होते.

आबा छपरात गेले, गाडीच्या दारावर हात ठेवला... आणि पुढचे दोन्ही दिवे लागले!

"आबा, हात लावू नगा!" मिस्त्री ओरडत धावला आणि मध्येच थबकला. जुन्या बॅटऱ्या अंगणात, नवीन त्याच्या पिशवीशेजारी, गाडीतल्या वायरी मोकळ्या. "आक्का, हिच्यात करंटच न्हाई वं," एवढंच तो म्हणाला.

आबांचं आमच्याकडं लक्षच नव्हतं. ते दार उघडून आत बसले, ड्रायव्हरशेजारच्या सीटवर. "शंकऱ्या, लय ताणलं रं मी. ये गड्या परत. तू नेशील तिथं येतो." माझ्या बापाला रडताना मी तेव्हाच पाहिलं. ते उतरले तसे दिवे मंद होत विझले. मिस्त्रीनं तार न् तार तपासली, काही सापडलं नाही. गुपचूप बॅटरी बसवून तो गेला.

आबा पुढं हिवतापानं गेले. शंकर त्यानंतर परतला, धडधाकट. गाडीपाशी उभं राहून त्यानं एकच विचारलं, "आक्का, आबा कवा बसलं का गं हिच्यात?"

मी सगळं सांगितलं. तो ऐकत होता, डोळे भरले होते त्याचे... पण दिव्यांचं आलं आणि चेहरा उतरला. "बॅटरीबिगर? माझं मन राखाया एवढं रचू नगंस, आक्का." मी शपथा घातल्या. मिस्त्रीला शोधायला सांगलीला माणूस धाडला, तर तो कुठं निघून गेला होता कुणाला ठाऊक नव्हतं. शंकरनं गाडी साताऱ्याच्या एका वकिलाला देऊन टाकली. आबांनी आपल्याला माफ केलं नाही, असंच तो शेवटपर्यंत धरून बसला.

ते दिवे कसे लागले? मला आजही सांगता येत नाही, आणि खरं सांगू, आता त्याचं काही वाटतही नाही. वाटतं ते एवढंच... दिव्यांचं गाळून नुसतं "बसले होते रे," म्हटलं असतं, तर माझ्या भावाला ते खरं वाटलं असतं.