पन्नासचं शटर

साकोलीला हायवेवरच्या टपरीवर आम्ही ड्रोनवाले जमतो, तेव्हा किस्से सांगायचं त्राणही कुणात नसतं. तरी किस्से साचतातच. माझा पार्टनर मनोहरभाऊ म्हणतो, "ड्रोन उडवून कोनी थकत नाही बे, लोकायले शटर समजावून थकते!" खरं आहे. शटर म्हणजे कॅमेऱ्याची पापणी; पन्नासचं म्हणजे ती सेकंदाच्या पन्नासाव्या भागापुरती उघडते, दोन हजारचं म्हणजे दोन हजाराव्या भागापुरती. एकदा घडून गेलेलं पुन्हा घडवता येत नाही, आणि शटर चुकलं की शिव्या आम्हालाच.

*

तुमसरचे एक तांदळाचे व्यापारी मुलीच्या लग्नाचं बुकिंग करायला आले. मी मोठ्या उत्साहात सांगितलं, "व्हिडिओले शटर पन्नासचं ठेवू जी. मंग चालणं-नाचणं डोळ्याले दिसते तसंच येते."

ते गंभीर झाले. "शटरची चाबी माह्यापाशीच रायते. गोदाम कधी उघडू, तेवढं सांगा!"

"उघडंच ठेवा," मी म्हणालो. पुन्हा पहिल्यापासून सांगायचा कंटाळा आला होता.

*

भर उन्हात पन्नासच्या शटरला चित्र पांढरंफटक पडतं, म्हणून लेन्सवर काळी काच लावावी लागते. एका लग्नात नवरीच्या मामांनी ती पाहिली.

"ड्रोनले गॉगल कायले?"

"ऊन लागते मामाजी."

मामाजींनी घामानं निथळणाऱ्या नवरदेवाकडे पाहिलं. "मंग एक त्याले बी लावा ना! कवाचा डोळे मिचकावून राहिला!"

*

एकदा मनोहरभाऊ ती काच घरीच विसरला. मग उजेड कमी करायला शटर दोन हजारावर नेलं, आणि वरातीचा सगळा नाच झटके आल्यासारखा दिसला. नवरदेवाचा भाऊ आमच्या दुकानात येऊन भांडला, "आमी असे नाचलोच नाही!"

मनोहरभाऊनं मान वरही केली नाही. "शटर माहं चुकलं, मान्य. पन नाच तं तुमचाच हाये ना जी?"

कॉम्प्युटरवर तो नाच सरळ करता करता माझी मान आखडली.

*

रिसेप्शनला वेगळीच तऱ्हा. एलईडीच्या माळांखाली शटर जुळलं नाही, की व्हिडिओत काळे पट्टे सरकत राहतात. आम्ही माफी मागायच्या तयारीनं गेलो, तर नवरीची आत्या खुश! "ते लाइनींचं डिझाइन लय मस्त टाकलं. बाकीच्या व्हिडिओत काहून नाही टाकलं?"

*

लाखांदूरकडच्या शंकरपटात, म्हणजे बैलजोड्यांच्या शर्यतीत, नामदेवकाकांनी आम्हाला बोलावलं. त्यांच्या बैलाचा, बादलचा, हा शेवटचा पट होता. खुराचं दुखणं वाढलं होतं, डॉक्टरांनी यापुढे धावायला मनाई केली होती. काकांना भिंतीवर लावायला धावत्या बादलचा एकच फोटो हवा होता.

पहिल्या फेरीत माझा घोळ झाला. व्हिडिओ घेता घेता फोटो घेतला आणि शटर पन्नासचंच राहिलं. दुसऱ्या फेरीला मात्र दोन हजार. काय फोटो आला! अंगावरचा केस न् केस मोजून घ्या, उडालेली माती हवेत थांबलेली. इतकं चांगलं काम मी वर्षभरात केलं नव्हतं.

काकांनी तो बराच वेळ पाहिला. त्यांचा चेहराच पडला.

"माह्या बादलले उभा काहून केला गा?"

"उभा नाही काका, धावून राहिला."

"चारी पाय रोवून उभा हाये! दुसरा नाही का?"

दुसरा म्हणजे तो बिघडलेला. तोंड नाही, पाय नाही, नुसता पांढरा फराटा. मी डिलीट करणारच होतो. लाजत लाजत मोबाइल पुढे केला.

काकांनी तो माझ्या हातातून घेतला आणि बादलकडे चालू लागले. बादल झाडाला बांधला होता, दुखरा पाय उचलून धरलेला. काकांनी मोबाइल त्याच्या डोळ्यांसमोर धरला.

"पाह्य रे बाबू," काका म्हणाले, "कसा जाऊन राहिला तू!"