बारा जणांचा एकच हॉल

हॉलमास्तर कधीच मास्तर नव्हते. आयुष्यभर वायरमनचं काम केलं, एकदा शिडीवरून पडून पाय अधू झाला, आणि मग क्रीडामंडळाने त्यांना आपल्या हॉलची देखभाल करायला ठेवून घेतलं. पण बॅडमिंटन कोर्टावर धुळीचे बूट घालून येणाऱ्याला ते दारातच असे काही दटावायचे, की लोकांनी त्यांना मास्तर करून टाकलं. मग समोर बँकेचा जनरल मॅनेजर असो की सकाळी खेळायला येणाऱ्या बायका, "आधी पाय पुसा" हे ठरलेलं.

माझी आणि त्यांची गाठ पडली ती माझ्या कामाच्या वैतागापायी. बँका आणि विमा कंपन्यांवर देखरेख ठेवणाऱ्या कार्यालयात मी तपासणी अधिकारी आहे. जोखीम कशी ओळखायची, आग लागली, पाणी शिरलं, वीज गेली तर लोकांचे पैसे आणि दावे अडकू नयेत म्हणून काय तयारी ठेवायची, याच्या मार्गदर्शक सूचना आम्ही त्यांना पाठवतो. एकशे चाळीस पानं. त्याबरहुकूम त्यांनी आराखडे करून पाठवायचे आणि आम्ही ते तपासायचे. आराखडे कसले, एकाने केला आणि दहांनी उतरवला! बरं, उतरवताना तरी डोळे उघडे ठेवावेत? एका विमा कंपनीच्या आराखड्यात चक्क लिहिलं होतं, 'आमची सर्व एटीएम चोवीस तासांत पूर्ववत सुरू होतील.' विमा कंपनीची एटीएम! मी फोन केला, तर पलीकडचे गृहस्थ शांतपणे म्हणाले, "मॅडम, एखादं वाक्य जास्त असलं तर बिघडलं कुठे? कमी असलं की तुम्हीच विचारता."

एरवी हे आराखडे आमच्याकडे चार टेबलांवर वाटले जातात. त्या वर्षी दोघं रजेवर, एकाची बदली, म्हणून अकराच्या अकरा माझ्याच गळ्यात पडले आणि मी ते एका आठवड्यात ओळीने वाचून काढले. प्रत्येकात 'पर्यायी जागा' असा एक रकाना असतो. मुख्य कार्यालय बंद पडलं तर माणसं कुठे बसून काम करतील, ती जागा. पाचव्या आराखड्याला पत्ता ओळखीचा वाटला. आठव्याला मी मागचे सगळे परत उघडले. अकराही जणांनी एकच जागा लिहिली होती. क्रीडामंडळाचा हॉल, पोस्टाच्या मागे. आणि अकराही तक्त्यांत त्या ओळीपुढे हिरवा रंग भरलेला. हिरवा म्हणजे धोका नाही.

मी कपाळाला हात लावला आणि दुसऱ्याच दिवशी हॉल बघायला गेले.

मास्तरांनी माझ्याकडून पाय पुसून घेतले, मग हॉल दाखवला. खुर्च्या ऐंशी. प्लग आठ, त्यातले दोन मंचावर. मीटर एक. न्हाणीघरं दोन, त्यातल्या एकाची कडी मोडलेली. प्रत्येक प्लगखाली मास्तरांनी रंगाने लिहून ठेवलं होतं, इथे काय लावायचं आणि काय नाही. कोपऱ्यात वाळूच्या चार बादल्या होत्या आणि वाळू कोरडी होती. ते मी मुद्दाम हात घालून पाहिलं. आमच्या कार्यालयातल्या बादल्यांत लोक सुपारी थुंकतात.

"इथे किती लोक काम करू शकतील?" मी विचारलं.

"बसतील ऐंशी. काम करतील तीस. त्याच्या वर कॉम्प्युटर लावलेत तर मेन स्विच पडतो." ते म्हणाले. "बाई, मी तीस वर्षं वायरी ओढल्या. एका प्लगवर किती लोड टाकायचा ते वायरमनला शिकवावं लागत नाही. ह्या साहेबलोकांना कोण शिकवणार? प्रत्येक जण येतो, आपल्यापुरतं विचारतो, 'आमच्यासाठी हॉल मिळेल ना?' मी म्हणतो, मिळेल. फोटो काढतात, करारावर सही करतात, जातात. अजून कोण कोण आहे, हे एकानेही विचारलं नाही. सांगून सांगून तोंड दुखलं माझं."

ते 'सांगून सांगून' मी बोलण्याची पद्धत म्हणून सोडून दिलं. कुणाला सांगितलं, कसं सांगितलं, काही विचारलं नाही. मी तपासणी अधिकारी!

"अकरा जण, आणि एकालाही शंका येऊ नये?" मी चिडून म्हणाले.

"बारा." मास्तर म्हणाले.

"अकरा. माझ्याकडे यादी आहे."

त्यांनी कपाटातून करारांची चळत काढली आणि सगळ्यात खालचा कागद वर ठेवला. त्यावर आमच्याच कार्यालयाचा शिक्का होता. आमची इमारत बंद पडली तर आम्हीही तिथेच येणार होतो. काखेत कळसा आणि गावाला वळसा! मला इतकी शरम वाटली की मी पाणी मागितलं.

पाणी त्यांच्या बायकोने आणलं. हॉलच्या मागे दोन खोल्या, तिथे ती दोघं राहायची. काकूंना डोळ्यांनी फार कमी दिसत होतं, पण तांब्या, पेला, ओट्याची कड, उंबरा, सगळं त्यांच्या हातापायांना पाठ होतं. एक थेंब सांडला नाही. "बाहेर मला धरून न्यावं लागतं," त्या हसून म्हणाल्या, "पण इथे मीच ह्यांना धरते."

मी अहवाल लिहिला. बारा संस्था, एक हॉल, तीस माणसांचं काम. त्या रस्त्यावर वीज गेली किंवा पाणी शिरलं तर बाराही जण एकाच दिवशी एकाच दाराशी उभे राहतील, असं स्वच्छ लिहिलं. आमच्या साहेबांनी तो वाचला, चष्मा पुसला आणि बाराच्या जागी अकरा केले.

"आपलं आपण बघून घेऊ," ते म्हणाले. "सगळ्यांसमोर कशाला?"

आपलं ठेवायचं झाकून आणि दुसऱ्याचं पाहायचं वाकून, असं माझ्या अगदी ओठांवर आलं होतं.  अर्धा तास वाद घातला, मग हात टेकले. घरी जाऊन पोळ्या लाटायला घेतल्या तर नवरा म्हणाला, "तू आज पोळपाटावर कोणाला लाटते आहेस?"

पुढच्या आठवड्यात आमच्या कार्यालयात बैठक झाली. अकरा संस्थांचे अकरा जोखीम अधिकारी, क्रीडामंडळाचे चिटणीस, साहेब, मी. मास्तरांना दाराजवळच्या स्टुलावर बसवलं होतं. माझी समजूत अशी की अकरा जण माना खाली घालतील. कसचं काय! पहिल्याने तोंड उघडलं आणि बाकीच्यांना वाट सापडली. आमची फसवणूक झाली, म्हणे. हॉलच्या माणसाने एकच जागा अकरा जणांना देऊ केली आणि ही माहिती दडवून ठेवली. एका बाईंनी तर त्याला नावसुद्धा दिलं, 'बाह्य सेवा पुरवठादाराकडून उद्भवलेली जोखीम.' म्हणजे मास्तर. करारांवर मंडळाच्या वतीने सही चिटणिसांची होती, पण चिटणीसही लगेच सुरात सूर मिसळून म्हणाले, "महिनाअखेर त्यांना कामावरून कमी करतो आणि खोल्या रिकाम्या करून घेतो. मग तर झालं?"

सगळ्यांना हायसं वाटलेलं दिसलं. धोका सापडला होता, त्याला नाव मिळालं होतं, आणि तो महिनाअखेर जाणार होता. चोर सोडून संन्याशाला फाशी! मला समोरची पाण्याची बाटली कुणाच्या तरी डोक्यात घालावीशी वाटत होती.

साहेबांनी विचारलं, "मास्तर, तुम्ही हे कुणाला कळवलं का नाहीत?"

"कळवलं की," मास्तर म्हणाले. त्यांनी पिशवीतून कागद काढले. कार्बन प्रती होत्या, वळणदार हाताने लिहिलेल्या. 'या हॉलवर आपल्याखेरीज इतर अकरा कचेऱ्या विसंबून आहेत. सर्व एका दिवशी आल्यास जागा आणि वीज पुरणार नाही. तरी आपसांत ठरवून घ्यावे, ही विनंती.' तीन वर्षांपूर्वीची तारीख. बारा प्रती, प्रत्येकीवर पोच म्हणून एकेक सही. स्वतः पाय ओढत बारा ठिकाणी जाऊन दिल्या होत्या.

प्रती टेबलावर फिरल्या. ज्याने त्याने आपापली पाहिली आणि पुढे सरकवली. मग सुरू झालं. ही सही आमच्याकडच्या कुणाची वाटत नाही. पोच म्हणजे कुणीही सही ठोकतं. पत्र दारात दिलं म्हणजे योग्य माणसापर्यंत पोचलं असं होत नाही. अकरा तोंडं, उत्तर एक. तेही एकाचंच बघून उतरवलेलं.

शेवटची प्रत माझ्यापुढे आली. आमच्या कार्यालयाची. खाली घाईत ओढलेली दोन अक्षरं होती. बाहेरच्या माणसाला ती नुसती रेघोटी वाटली असती. ती माझी सही होती.

मला काहीच आठवत नव्हतं. मग हळूहळू आठवलं. आवक विभागातला कारकून आजारी होता, मी जिन्यात होते, कुणीतरी कागद पुढे केला, मी वर न बघता सही केली. पण तेवढ्यावर थांबलं नव्हतं. कागद माझ्या टेबलावर आला होता. मी तो वाचला होता.

साहेबांनीही सही ओळखली असावी, कारण त्यांनी ती प्रत सावकाश आपल्याकडे ओढली आणि म्हणाले, "पोच सिद्ध होत नाही, हे बरोबर आहे. पुढे जाऊ या."

 मास्तर रिकाम्या पिशवीची घडी घालत होते. दोन खोल्या, मोजून पावलं टाकणाऱ्या काकू, आणि मी इथे गप्प बसून पुढे जाणार होते. मी उठले. "बसा," साहेब हळूच म्हणाले. मी न बसता खाली रेकॉर्ड खोलीत गेले. फाइल शोधायला दहा मिनिटं लागली. मूळ पत्र होतं. त्याच्या समासात माझ्याच अक्षरात लिहिलं होतं, 'पाहिले. फाइल करावे.'

वर येऊन मी ते टेबलाच्या मध्यावर ठेवलं आणि म्हणाले, "हे पत्र आमच्याकडे आलं होतं. सही माझी आहे. मी वाचलं होतं. मास्तरांनी काही दडवलेलं नाही."

 मग विमा कंपनीचे ते एटीएमवाले गृहस्थ खाकरले आणि म्हणाले, "आमच्याकडेही आलं असेल, मी शोधतो." त्यांच्याबद्दल एरवी माझं मत काहीही असो, पण त्या दिवशी बोलले ते एकटेच. चिटणिसांना मास्तरांना काढण्याचा विषय मागे घ्यावा लागला.

बाहेर व्हरांड्यात मी मास्तरांना गाठलं. माफी मागितली. ते म्हणाले, "मी ओळखलं होतं तुम्हाला, हॉलवर आलात तेव्हाच."

"मग बोलला का नाहीत?" मला त्यांचाही राग आला. "मला तोंडावर म्हणायचं होतं!"

"बाई, पत्र दिल्यापासून तीन वर्षांत बघायला म्हणून आलेल्या तुम्ही एकट्याच. तुम्हालाही घालवून देऊ का?"

आता माझ्यावर मेमो निघाला आहे. त्यात प्रश्न तीन. पत्र मिळाले होते काय? वाचले होते काय? वाचूनही कार्यवाही का झाली नाही? पहिल्या दोन्हींना मी 'होय' लिहिलं. तिसऱ्यासाठी साहेबांनी स्वतः मसुदा करून दिला, माणूस तसा वाईट नाही: 'कामाच्या ताणामुळे अनवधानाने राहून गेले.' मी तो बाजूला ठेवला आणि लिहिलं, 'पत्र बँकेचे किंवा कंपनीचे नव्हते. हॉल झाडणाऱ्या माणसाला जोखमीतले काय कळणार, असे मला वाटले.'

साहेबांनी दोनदा सांगितलं, एवढं वाक्य खोडा. मी खोडलं नाही.