निंबाचं ओढीचं रबर

शिंदखेड्यात स्टँडवरून बाजाराकडे वळलं की डाव्या हाताला निंबाचं सायकलचं दुकान लागतं. निंबाची शाळा सातवीतच सुटली, पण सायकलीतलं त्याला कळतं तेवढं धुळ्याच्या शोरूमवाल्यांनाही कळत नाही. दुसरा कुणी पंक्चरवाला ठिगळ लावतो आणि मोकळा होतो. निंबा आधी टायरमधला काटा काढून उजेडात धरतो, बाभळीचा की बोरीचा ते बघतो आणि तुम्ही कुठल्या वाटेनं आलात ते तुम्हालाच सांगतो. खोड लहानपणापासूनची. कुठल्याही गोष्टीचं कारण सापडत नाही तोवर त्याला जेवण गोड लागत नाही.

दुकानाच्या भिंतीवर एकच फोटो, धाकट्या भावाचा. भूषण. निंबानंच त्याला शिकवून शाळेत पीटीचा सर केला. चारशे मीटरमध्ये जिल्ह्यात पहिला आलेला. दुकानात कुणीही सायकल घेऊन येवो, आधी फोटो बघायचा, मग पंक्चरचं बोलायचं.

दिवाळी झाली आणि भूषणनं एका नव्याच शर्यतीची गोष्ट आणली. सातपुड्याच्या पायथ्याला व्हायची होती. आधी सायकल, मग पायी, मग होडी, आणि वाट नकाशावरून आपली आपण शोधायची. टीम तिघांची, त्यात एक तरी बाई पाहिजे. निंबानं अख्खी दुपार त्याला प्रश्न विचारले. होडी कुठली, नकाशा कोण देतो, तहान लागली तर काय. सगळ्यात जास्त त्याच्या डोक्यात बसला तो एक नियम : तिघांनी एकमेकांपासून पन्नास पावलांच्या आतच राहायचं, आणि वेळ धरायची ती शेवटच्याची. म्हणजे एकट्यानं पुढं पळून काही उपयोग नाही. अशी शर्यत निंबानं जन्मात ऐकली नव्हती.

दुसरा गडी प्रशील, नरडाण्याच्या एमआयडीसीत कामाला. नकाशा वाचण्यात पटाईत. तिसरी वृषाली, आरोग्यसेविका. शिरपूरकडच्या पाड्यांवर लस घेऊन फिरते, दिसायला काडी. शर्यतीत नाव घालायचं तर आधी एक चाचणी होती. नरडाण्यापर्यंत सायकल, तिथून तापीपर्यंत पायी, आणि मग नदीच्या फुगवट्यात होडी. पाच तासांच्या आत तिघं एकदम पोचले तरच नाव पक्कं. चाचणी पाचव्या रविवारी होती, त्याआधीचे चार रविवार याच वाटेवर सराव.

थकलेल्याला दोरानं ओढायला परवानगी आहे हे कळलं तेव्हा तर निंबाला रात्रभर झोप आली नाही. दोर कडक असतो, कंबरेला झटका बसतो. त्यानं जुन्या ट्यूबच्या पट्ट्या कापल्या, वेणीसारख्या गुंफल्या आणि दोन्ही टोकांना पट्टे शिवले. वर चार-चार बोटांवर पांढऱ्या रंगाच्या रेघा मारल्या. रबर ताणलं की रेघा लांब जातात, म्हणजे ओढ किती आहे ते लांबूनच दिसतं. असं डोकं कुणाचं चालेल?

पुढं भूषण, मागं वृषाली. यात विचारण्यासारखं काही आहे असं कुणालाच वाटलं नाही. नरडाण्याच्या चौकात नथ्थूच्या चहाच्या गाडीपाशी सायकली सोडायच्या आणि तिथंच रबर बांधायचं. निंबानं नथ्थूला, त्याच्या गिऱ्हाइकांना आणि सर पळतात ते बघायला जमलेल्या शाळेच्या पोरांना सांगून टाकलं की आपला भाऊ एका माणसाला नदीपर्यंत ओढत नेतो. मग लुनावर बसून तो बैलगाडीच्या वाटेनं मागं मागं गेला.

पायी वाटेच्या पहिल्या तासाला रेघा वीतभर लांब. निंबा खूश. तिसऱ्या तासाला बघतो तर रबराला पोट सुटलेलं, मातीला टेकायला आलेलं. होडीतून उतरले तेव्हा पाच तास वीस मिनिटं झाली होती.

निंबानं आधी रबराला दोष दिला. ट्रकची ट्यूब आणून नवं विणलं. दुसऱ्या रविवारी तेच. मग म्हणाला, उताराची वाट आहे, म्हणून ढिलं पडतं. तिसऱ्या रविवारी चढाची वाट धरली, तरी तिसऱ्या तासाला पोट सुटलंच. ऊन बघितलं, वारा बघितला, कंबरेचे पट्टे उसवून परत शिवले. सगळीकडे शोधलं, फक्त एका ठिकाणी बघितलं नाही.

चौथ्या रविवारी त्यानं लुना पुढं घेतली आणि बांधावर बसून समोरून येताना बघितलं. मागून भूषणची पाठ दिसायची, पाठ तर पैलवानाची. समोरून तोंड दिसलं. ओठ पांढरे, पाय घासत चाललेला. आणि मागं वृषाली, तोंड मिटलेलं, पाऊल पहिल्या तासाला होतं तसंच. मधूनमधून ती मुद्दाम अर्धं पाऊल कमी टाकत होती.

नदीवर भूषण आणि प्रशील होडी बांधत होते तेव्हा निंबा तिच्याजवळ गेला आणि विचारलं, पाऊल कमी का टाकतेस.

"रबर पायात येतं, निंबाभाऊ."

"कधीपासून?"

"पहिल्या रविवारपासून."

मग सांगितलं का नाही, असं त्यानं जरा चढूनच विचारलं.

"तुम्ही साऱ्या नरडाण्याला सांगितलं होतं, भूषणभाऊ मला ओढतात म्हणून," ती म्हणाली. "मी कशाला तुमचा शब्द खाली पाडू?"

त्या दिवशीही वेळ पाच तास पंधरा मिनिटं लागली होती. ती पंधरा मिनिटं कुठं जातात ते आता कळलं होतं. त्याच्या बोलण्याखाली एक चांगली चालणारी बाई दर रविवारी हळू चालत होती.

घरी जाताना त्याला वडिलांचा नांगर आठवला. जोडीतला एक बैल थकला की वडील जुवावरचा दोर चांगल्या बैलाकडे थोडा सरकवायचे. ओढ त्याच्यावर यायची, थकलेला सावरायचा, आणि वावर वेळेत व्हायचं. वडिलांना त्यात कधी कमीपणा वाटला नाही. दोन्ही बैल आपलेच.

संध्याकाळी त्यानं भूषणला दुकानात बसवलं आणि दाराची फळी ओढून घेतली.

"तिसरा तासले तुले काय व्हस?"

"काहीच नही."

"मी तोंड देखेल शे तुनं, भूषण."

भूषणनं शेजारच्या सायकलचं पेडल फिरवलं आणि म्हणाला, पाय शिशाचे होतात. चारशे मीटरचा माणूस, सुरुवातीला अंगातला जोर दाबता येत नाही, आणि मग उरत नाही. निंबानं सांगितलं, म्हणूनच तू मागं. ती पुढं राहिली तर पहिल्या तासाला तुला जोरात सुटताच येणार नाही, आणि तिसऱ्या तासाला ती ओढायला असेल.

भूषणनं नाही म्हणून मान हलवली. "नरडाणाले शाळाना पोऱ्या उभा ऱ्हातस, भाऊ. त्यास्नी देखं ते?"

"देखू दे. बठ्ठासले मी सांगसू." सगळ्यांना सांगायचं काम निंबानं स्वतःवर घेतलं.

चाचणीच्या रविवारी नरडाण्याच्या चौकात पोरं होती, चहावाले होते, बघे होते. निंबानं स्वतःच्या हातानं पुढचा पट्टा वृषालीच्या कंबरेला बांधला आणि मागचा भूषणच्या. पोरं एकमेकांना कोपरानं ढोसायला लागली. भूषणनं मान खाली घातली.

नथ्थू गाळणं हातात घेऊन बाहेर आला. "निंबाभाऊ, तुमना वाघ तं मांगे बांधेल शे."

"पुढे कोण शे ते देख," निंबा म्हणाला. "दिवसाले पाच पाडा चालस ती. तिना मांगे टिकाले वाघच लागस. मी चार रविवार उलटं सांगेल व्हतं. चूक मनी."

निंबानं आपल्या तोंडानं आपली चूक कबूल केलेली शिंदखेडा तालुक्यात कुणी ऐकली नव्हती. भूषणनं मान वर केली, आणि तिघं निघाले.

पहिल्या तासाला रबर ढिलं, भूषण लगाम ओढलेल्या घोड्यासारखा मागं चुळबुळत होता. तिसऱ्या तासाला रेघा लांब गेल्या, चार बोटांच्या आठ झाल्या, आणि तशाच राहिल्या. वृषालीनं एकदाही मागं बघितलं नाही. निंबा लुनावरून घड्याळ बघत होता आणि कुणाशी तरी बोलावं म्हणून लुनाशीच बोलत होता.

होडी काठाला लागली तेव्हा चार तास बावन्न मिनिटं झाली होती. नाव पक्कं झालं. वृषाली वाळूवर बसून बुटातले खडे काढत होती. भूषण पाणी प्यायला, तोंड पुसलं आणि मोठ्या भावाकडे आला. निंबाला वाटलं, आता चौकातलं काढतो.

"भाऊ, मागं राहिलं की बरंच दिसतं," भूषण म्हणाला. "होडीच्या आधीच्या चढाला प्रशीलचा श्वास वाजतो. आधीही तिथंच वाजायचा, आज लक्षात आलं."

प्रशील नकाशाची घडी घालत होता. तो म्हणाला, आपण तर एका शब्दानं कुणाला काही बोललो नाही.

निंबा त्याच्याजवळ वाळूत उकिडवा बसला आणि विचारलं, श्वास वाजतो तो चढ लागायच्या आधी की लागल्यावर?