काकूचा डावा हात

माझी काकू मरेपर्यंत एकाच गोष्टीवर अडून होती. हिरोनं डावा हात वर केला होता.

आज तिला जाऊन वर्ष झालं.

हिरो म्हणजे त्या डिस्कोवाल्या पिक्चरचा. चमकणारी पँट, रंगीबेरंगी लाइट, कपाळावर पट्टी. आमच्या वयाच्या लोकांना नाव सांगायची गरज नाही.

काकू लग्न होऊन शिरड शहापूरला आली, त्याच वर्षी ते पिक्चर गावच्या जत्रेत आलं. पटांगणात बांबू रोवले, पांढरा पडदा ताणला, समोर पिक्चरचं मशीन लावलं आणि अख्खं गाव पोती-चादरी घेऊन बसलं.

मग कितीतरी महिने गावात दुसरा विषयच नव्हता. चहाच्या हॉटेलात जो तो समीक्षक.

एका म्हाताऱ्याचं मत, "ह्यो नाच हाय का अंगात आलंय?"

माझ्या बाबांचं मत, गाणी फर्स्टक्लास, स्टोरी भंगार.

काकांचं मत, "दम न्हाई पिक्चरात. निसती चकचक." एवढं बोलून साहेबांनी दुसऱ्याच दिवशी हिरोसारखे केस कापून घेतले.

बायांना कुणी विचारलं नाही.

काकूचं मत मला फार नंतर कळलं. भाकरी थापता थापता म्हणाली, "लई वाळलेलं होतं वं ते पोरगं. नाचवायच्या आधी कुणी जेवू तरी घालायचं."

पण स्टेप तिनं तेवढ्या एका खेळात पाठ केली होती. कमरेवर एक हात, दुसरा वर, आणि गुडघ्याला झटका.

घरात कुणाचीही हळद असो, ते गाणं लागलं की काकू पदर खोचून उभी. सगळ्यांचा उजवा हात वर, हिचा एकटीचा डावा.

सगळे हसायचे. मीही हसायचे.

काका तर सगळ्यांदेखत म्हणायचे, "हिला डावं-उजवं कळत न्हाई. पिठाची गिरणी सांगितली तर मारुतीला जाईल."

"आवं, त्यानं डावाच केला हुता! मी ह्या डोळ्यानं पाहिलंय."

"आमी काय आंधळे हुतो व्हय?"

बाकीच्या बायांना स्टेप बीप काही आठवत नव्हती, त्यामुळे साक्षीला कुणी नाही. हळूहळू घराचंच मत झालं, काकूचं डोकं जरा उलटं चालतं. किराणा चुकला, बस चुकली, की तेच. ती हसण्यावारी न्यायची. पण तिला ते लागायचं. पुढं पुढं तिनं हळदीत नाचणंच सोडलं.

जायच्या काही महिने आधी किडनीचं दुखणं निघालं. डायलिसिससाठी ती हिंगोलीला माझ्याकडे राहायला आली. एका दुपारी दवाखान्यातून येऊन नुसती पडून होती. म्हटलं, चल काकू, तुझं पिक्चर लावते टीव्हीवर.

उठून बसली. गाणं आलं. हिरोनं हात वर केला.

उजवा.

काकू बघतच राहिली. "हे न्हाई ते. ह्यांनी उलटं लावलंय."

मला हसू आलं.

"काहून हसून राहिली? मी पाहिलेलं असं नव्हतं, माय."

मी सहज विचारलं, "काकू, तू बसली होतीस कुठं?"

"कुठं म्हंजे? पडद्याच्या मागं. बाप्ये मशीनच्या अंगानं, आन् बाया पलीकडं. तशीच रीत हुती."

मी रिमोट खाली ठेवला.

पडदा कापडाचा. मागून बघणाऱ्याला सगळंच उलटं दिसणार! इतकी वर्षं एवढी साधी गोष्ट घरात एकाच्याही डोक्यात आली नाही. तिच्याही नाही.

मोबाइलवर त्या गाण्याचा तुकडा घेतला, मिरर केला आणि तिच्यापुढं धरला.

"हेच! हेच की वं! मी म्हणत न्हवते?"

आणि काकू उभी राहिली. सुया टोचून सुजलेला, पट्टी बांधलेला डावा हात तिनं वर केला. मी ओरडले, "अगं, हात!" ती कुठली ऐकते.

लगेच काकांना फोन. "आवं, माझं खरं हुतं! मी पलीकडून पाहिलं ना, म्हणून तसं दिसलं."

पलीकडून काका, "बरं बरं. गोळ्या घेतल्या का?"

तिनं फोन ठेवला. "ह्यांच्या तोंडून एकदा निघायचं न्हाई, की तुझं बराबर हुतं."

त्यानंतर ती फार दिवस राहिली नाही. काकांनी ते शेवटपर्यंत म्हटलं नाही. खरं सांगते, मला त्यांचा खूप राग होता.

आज वर्षश्राद्धाला सगळे शिरडला जमलो. सकाळी काका माझ्याजवळ आले. "तुझ्या मोबाइलमधी हाय म्हणं ते, तिनं पाहिलं तसलं. दाखव मला."

लावून दिलं. पाहिलं. परत लावायला सांगितलं. मग फोन माझ्या हातात देऊन उठून गेले.

दुपारी पंगत बसली. आठवणी निघाल्या आणि फिरून फिरून गाडी त्या पिक्चरवर आली. बाबा हसत म्हणाले, "हिच्या काकूला मात्र शेवटपर्यंत डावं-उजवं समजलं न्हाई."

पंगत हसली.

काकांनी हातातला घास ताटात ठेवला.

"हसू नका, दादा. तिचं बराबर हुतं. ती पलीकडून पाहत हुती."

मग बाबांकडं बघून म्हणाले,

"आन् पलीकडं तिला आपूनच बसवलं हुतं."

वाढणारी मीच होते. भाताचं पातेलं हातात धरून तशीच उभी राहिले.

काकू, काका म्हणाले गं. भर पंगतीत, सगळ्यांदेखत. तू ऐकायला हवी होतीस.

तुझी फार आठवण येते. मनापासून नमस्कार.